मावठा : पावसाचे पट्टे कसे बनतात

हिवाळ्यात भोपाळ परिसरात अधूनमधून जो पाऊस पडतो, त्यास माळव्याकडे मावठा म्हणतात. तो सरसकट पडत नाही. बाग सेवनियात रस्ते ओले व्हावेत आणि काही कोसांवर धूळही बसू नये, असे घडते. कारण हा पाऊस पट्ट्यापट्ट्यांनी येतो.

उबदार दमट हवा व थंड कोरडी हवा एकत्र आल्या तरी सहजासहजी मिसळत नाहीत. त्यांच्यामधील सीमेस सीमापृष्ठ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्वेतील बर्गेन येथे व्हिल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचे पुत्र याकोब व सहकारी यांनी ही कल्पना मांडली; तिचे इंग्रजी नाव युद्धाच्या आघाडीवरूनच पडले. थंड हवा जड असल्याने पाचरीप्रमाणे जमिनीलगत शिरते व उबदार हवेस वर उचलते. वर गेलेली हवा प्रसरण पावते, निवते आणि तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. ही उचल सर्वत्र सारखी नसते. शीत सीमापृष्ठाच्या कडेस ती जोरदार असल्याने काही किलोमीटर रुंदीचा, परंतु लांबच लांब पट्टा तयार होतो व सर थोडाच वेळ झोडपून जाते. अन्यत्र पन्नासेक किलोमीटर रुंदीचे सौम्य पट्टे असतात. तेथे वरच्या ढगांतील हिमकण खालच्या ढगात पडून, त्यातील पाणी गोळा करीत वाढतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये उचल मंदावते आणि पाऊस विरळ होतो.

पाठ्यपुस्तकांतील आकृती मात्र यूरोपची असते. कर्कवृत्तालगतच्या भोपाळास पूर्ण स्वरूपाचे सीमापृष्ठ क्वचितच पोहोचते. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभामुळे राजस्थानावर कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले, की अरबी समुद्रावरील दमट वारे इकडे ओढले जातात व वायव्येच्या थंड हवेशी त्यांची गाठ पडते. पावसाळ्यातील पाऊस याहून निराळा. तेव्हा दोन्हीकडची हवा बव्हंशी सारखीच उबदार असते. वर्गात हा भेद बहुधा राहून जातो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये दमट व थंड हवेच्या अशाच संघर्षातून मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात गारपीट होऊन उभी पिके आडवी झाली.

हे पट्टे सामान्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. सीहोर भोपाळच्या पश्चिमेस सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. ताशी तीस किलोमीटर वेगाच्या पट्ट्यास हे अंतर तोडण्यास ऐंशी मिनिटे लागतील. खळ्यावरचा हरभरा झाकण्यास तेवढा अवधी पुरतो. दक्षिणेकडचा वारा एकाएकी वायव्येचा झाला व गारठा वाढला, तर सीमा पुढे सरकली असे समजावे. शिक्षकांनी वातकुक्कुट व तापमापक यांच्या साहाय्याने ही नोंद विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावी.

फुलोऱ्यातील हरभरा मात्र झाकता येत नाही. त्याच्या शेजारच्या गव्हास तीच सर पाण्याची एक पाळी वाचवून देते.