बंपर फुटला : आधी खोलून पाहा, मग क्लेमचे ठरवा

प्रश्न : माझी १२०० सीसीची हॅचबॅक गाडी चार वर्षे पूर्ण करून पाचव्यात आहे. सोसायटीच्या फाटकातून वळताना पुढचा डावा कोपरा खांबाला लागला. बंपरला चार बोटे लांब चीर पडली आणि कोपरा फेंडरपासून सुटून बाहेर आला. सर्व्हिस सेंटरचे एस्टिमेट ९,५०० रुपये आहे : नवा बंपर ४,२००, ब्रॅकेट व क्लिपा ५००, रंग ४,०००, मजुरी ८००. 'इन्शुरन्स आहे ना, खिशातून कशाला भरता?' असे ते म्हणतात. ओळखीचा डेंटर हाच बंपर ४,५०० रुपयांत नीट करून द्यायला तयार आहे. आजवर एकही क्लेम घेतलेला नाही, एनसीबी (नो क्लेम बोनस) ४५ टक्के आहे, झिरो डेप (घसारा न कापण्याचे कव्हर) नाही. बंपर बदलू का? क्लेम करू का? आणि पुढे लोखंडी गार्ड बसवला तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या तिन्ही प्रश्नांचा निकाल बंपरच्या मागे काय आहे यावर लागतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आपण ज्याला बंपर म्हणतो, ते बाहेरचे प्लास्टिकचे आवरण असते. धक्का सोसण्याचे खरे काम त्याच्या मागे होते. अनेक गाड्यांत आवरणामागे फोमचा थर असतो, त्यामागे धातूचा आडवा बीम असतो आणि हा बीम गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. आवरण दोन्ही बाजूंना फेंडरजवळ ब्रॅकेटवर आणि क्लिपांवर बसते. तुमचा कोपरा बाहेर आला आहे, म्हणजे तिथला ब्रॅकेट किंवा आवरणाचे लॉक तुटलेले असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून आधी नुकसानीचे फोटो काढा, बंपर उतरवायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा. बीम वाकला आहे का, हेडलाइटचे कान शाबूत आहेत का, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर सरकला आहे का, हे पाहा. बॉनेट आणि हेडलाइटमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, तेही तपासा.

आत सगळे ठीक असेल आणि फक्त ब्रॅकेट गेला असेल, तर बंपर बदलण्याची गरज नाही. आवरणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार ठशात लिहिलेला असतो. बहुधा तो पीपी, म्हणजे पॉलीप्रॉपिलीन असतो. हे प्लास्टिक गरम करून पूर्ववत आकारात आणता येते आणि चीर त्याच जातीच्या कांडीने आतून वेल्ड करता येते. डेंटरला दोन गोष्टी विचारा : वेल्डिंग करणार की नुसती पुट्टी भरणार, आणि रंगाआधी प्लास्टिकचा प्रायमर मारणार का? बंपर लवचिक असतो, त्यामुळे नुसत्या पुट्टीवर मारलेला रंग पुढे तडकतो आणि प्रायमर नसेल तर पापुद्रे सुटतात. लॉक दोन-तीन ठिकाणी तुटले असतील, चीर कडेपर्यंत गेली असेल किंवा तुकडाच गायब असेल, तर मात्र नवा बंपर घ्या. ज्या गाड्यांत बंपरमागे रडार असते, त्यांनी त्या जागी पुट्टी आणि रंगाचे जाड थर देणे टाळावे.

आता पैशांचे. प्लास्टिकच्या भागांवर गाडीचे वय काहीही असो, ५० टक्के घसारा कापला जातो. रंगाच्या एकत्रित बिलात २५ टक्के साहित्याचे धरून त्यावर निम्मी कपात होते. मजुरीवर कपात नाही. या हिशेबाने बंपरचे २,१००, ब्रॅकेट-क्लिपांचे २५०, रंगाचे ३,५०० आणि मजुरीचे ८०० मिळून ६,६५० रुपये मान्य होतील. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट आहे. म्हणजे कंपनी देणार ५,६५० रुपये आणि उरलेले ३,८५० तुम्हीच भरणार.

त्यासाठी गमावणार काय? क्लेम लहान असो वा मोठा, एनसीबी शून्यावर येतो आणि मग २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा पुन्हा पहिल्यापासून चढतो. एनसीबी फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर मिळतो. तो हप्ता सवलतीआधी ९,००० रुपये आहे असे समजू. क्लेम न करता तुम्ही पुढच्या नूतनीकरणाला ५० टक्क्यांवर पोहोचता आणि ४,५०० रुपये भरता. क्लेम केलात तर पुढच्या पाच वर्षांत अनुक्रमे ४,५००, २,७००, २,२५०, १,३५० आणि ४५० रुपये जास्त भराल. एकूण ११,२५० रुपये, जीएसटी वेगळा. आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत, दरवर्षी उतरते, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, पण ५,६५० रुपयांसाठी हा सौदा तोट्याचाच आहे. झिरो डेप असते आणि कंपनीने ८,५०० दिले असते, तरी उत्तर बदलले नसते. एनसीबी प्रोटेक्टचे कलम मात्र पॉलिसीत आहे का, ते एकदा पाहून घ्या. असेल तर गणित वेगळे.

बीम, हेडलाइट, कंडेन्सर असे काही निघाले, तर बिल सहज तीस-चाळीस हजारांवर जाते. तेव्हा क्लेम जरूर करा, विमा त्यासाठीच घेतलेला असतो. अशा वेळी कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका. तुमच्या गाडीच्या वयाला धातूच्या भागांवर ३५ टक्के घसारा लागेल, काचेवर काहीच नाही. क्लेमवरून वाद झाला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. तिने ती फेटाळली किंवा महिनाभरात समाधान केले नाही, तर पुणे येथील विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

लोखंडी गार्ड कृपया बसवू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचे सांगून राज्यांना कारवाईची सूचना केली आहे. दंडापेक्षा जिवाचा प्रश्न मोठा आहे. गार्ड धक्का थेट सांगाड्यात नेतो, त्यामुळे एअरबॅगच्या सेन्सरचे गणित बिघडू शकते आणि पादचाऱ्याला होणारी इजाही जास्त गंभीर ठरते. बंपरने स्वतः फुटून माणसाला वाचवावे, अशीच त्याची रचना आहे.

सारांश : बंपर उतरवून पाहा. आत नुकसान नसेल, तर ब्रॅकेट नवा टाकून बंपर ४,५०० रुपयांत वेल्ड करून घ्या, पक्के बिल मागा आणि एनसीबी जपा.