तेलातील पाणी : ओळख व निवारण

आपल्याकडील लोहार तापलेले पाते पाण्यात बुडवून कोयत्यास कठीणपणा आणतो. या क्रियेस ‘पाणी देणे’ म्हणतात. यंत्रयुगात हेच काम पुष्कळदा तेलाकडे आले आहे. बेळगाव-कोल्हापूरकडील कारखान्यांत पोलादी यंत्रभाग सुमारे ८५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून तेलाच्या टाकीत सोडतात. तेल पोलादास पाण्यापेक्षा सावकाश निववते, म्हणून तो सहसा तडकत नाही. मात्र या तेलात खरे पाणी शिरणे घातक होय.

तापल्या कढईत पाण्याचा थेंब पडल्यास काय होते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,६०० पट वाढते. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी असे उसळले की तेल फेसाळून काठाबाहेर येते व भट्टीजवळ पेट घेते. पाणी थोडे असले तरी भागांस चिरा पडतात किंवा ते कोठे कठीण, कोठे मऊ राहतात. एक हजार लिटर तेलात एक लिटर पाणी, म्हणजे ०.१ टक्का, हेही धोक्याचे समजावे.

हे पाणी येते कोठून? शीतकाच्या फुटक्या नळीतून, गळक्या छपरातून, ओल्या मालावरून. आणि व्यापाऱ्याच्या वखारीतूनही! तेरेखोल व शापोरा या नद्यांमधील आपल्या पेडणे तालुक्यात पावसाळा मोठा. उभ्या पिंपाच्या झाकणावर पाणी साचते. दिवसा तापलेले पिंप रात्री निवले की आतील हवा आकसते व बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढले जाते. म्हणून पिंपे छपराखाली, आडवी ठेवावीत; दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, तेलाच्या पातळीखाली असावीत.

पाणी आढळल्यास प्रथम काम थांबवावे. तापलेला भाग टाकीत मुळीच सोडू नये. तेल स्थिर ठेवावे. जड पाणी तळाशी बसते. ते तळच्या तोटीने काढावे. उरलेल्या अंशासाठी तेल ढवळत, अगदी सावकाश, शंभर अंशांच्या किंचित वर तापवावे. फेसास वर जागा ठेवावी आणि माणसाने तेथून हलू नये. निर्वात यंत्र असल्यास अधिक उत्तम. हवेचा दाब एक-पंचमांश केला की पाणी ६० अंशांनाच उकळते व तेल कमी जळते.

शेवटी परीक्षा. तापल्या तव्यावर तेलाचे थेंब तडतडले तर पाणी आहेच. परंतु ते न तडतडले म्हणून तेल निर्दोष ठरत नाही. कार्ल फिशर पद्धतीने प्रयोगशाळेत मोजणी करून घ्यावी व मूळ गळती बुजविल्यावाचून टाकी चालू करू नये.

पिंपावरील बूच घट्ट आहे की नाही हे पाहण्यास क्षणभर लागतो. त्या क्षणावर भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराचा जीव व आपल्या पेढीची पत, दोन्ही अवलंबून असतात, याचे स्मरण सभासद बंधूंनी ठेवावे.