चढणं वेगळं, रात्र काढणं वेगळं

तोरणा दीड तासात चढणारी पोरं आमच्या भागात चिक्कार आहेत. वेल्ह्यातून निघायचं, बिनी दरवाजा गाठायचा, मेंगाईच्या देवळापुढे फोटो काढायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी. अशा पायांचं मला कौतुक आहे. पण याच पोरांना वर एक रात्र काढायला लावा. निम्म्यांकडे अंगावरच्या ओल्या टी-शर्टखेरीज दुसरा कपडा नसतो, पाणी चढतानाच संपवलेलं असतं आणि बॅटरी म्हणजे मोबाईल, तोही रात्री आठला बंद पडलेला. चढाईची तयारी सगळे करतात. रात्रीची तयारी करणारा दहात एखादा.

मी भोरचा. सुट्टीच्या दिवसांत लोकांना घेऊन गडांवर जातो, आणि जमेल तेव्हा हिमालयातही जाऊन आलो आहे. रायरेश्वराच्या पठारावरचं जंगमांचं घर आणि नेपाळात एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूतला लॉज यांत उंचीचा फरक मोठा आहे, पण दोन्हीकडे माणसं फसतात ती मुक्कामाला.

रायरेश्वर आधी सांगतो, कारण आमच्या भागात खरोखर वर राहायची सोय आहे ती तिथेच. भोरहून आंबवडे, टिटेघर, कोर्ले असं जायचं. केंजळगड आणि रायरेश्वर यांच्यामधल्या खिंडीपर्यंत गाडी जाते, पुढे पायवाट आणि शेवटी लोखंडी शिडी. वर लांबच लांब पठार, शंभू महादेवाचं देऊळ आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारी जंगम कुटुंबं. 1645 मध्ये शिवाजीराजांनी स्वराज्याची शपथ इथे घेतली असं परंपरा सांगते, म्हणून शनिवार-रविवार गर्दी असते. घराच्या पडवीत किंवा अंगणातल्या तंबूत झोपायचं आणि चुलीवरचं पिठलं-भाकरी खायची, अशी सोय ही मंडळी करतात.

एका हिवाळ्यात मी तिथे मुक्कामाला होतो. रात्री साडेनऊच्या सुमाराला पंधराएक जणांचा घोळका अंधारातून टॉर्च मारत आला. पुण्याहून निघायला उशीर झालेला, फोन केलेला नाही, जेवणाची खात्री मात्र पक्की. घरात पीठ होतं सहा-सात माणसांपुरतं. आजींनी काही न बोलता शेजारच्या घरातून पीठ आणलं, विझत आलेली चूल पुन्हा पेटवली आणि अकरापर्यंत भाकऱ्या थापत बसल्या. एवढं होऊन मंडळींतला एक जण म्हणाला, "आजी, एका ताटाला एवढे? खाली हॉटेलात याच्यात भाजी, स्वीट सगळं येतं." आजी म्हणाल्या, "खाली मिळतं न्हवं? मग खालीच जेवायचं की, बाळा." मी पुढे काही बोलायची गरज उरली नाही.

ताटाचा भाव खालून बघणाऱ्यांनी एक गोष्ट ऐकून ठेवावी. काही वर्षांपूर्वी रायरेश्वरावरच्या शेतकऱ्यांनी शेतीसाठी ट्रॅक्टर घेतला. रस्ता वरपर्यंत नाही, म्हणून त्याचे भाग सुटे केले, ते खांद्यावरून वर चढवले आणि पठारावर पुन्हा जोडले. तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी आली, सगळ्यांनी वाहवा केली. पण गॅसची टाकी, मिठाची पिशवी, तेलाचा डबा, तुम्ही अंगावर घेता ती रजईसुद्धा याच शिडीने वर येते, आणि तिची बातमी होत नाही. चहा महाग वाटला तर दूध कुठून आलं ते विचारा, मग घासाघीस करा.

पाण्याचं तर विचारूच नका. भोर-वेल्ह्यात पाऊस धो धो पडतो. पानशेत आणि वरसगाव ही पुण्याची तहान भागवणारी दोन्ही धरणं वेल्हे तालुक्यातलीच (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच येतं). पण तो पाऊस कातळावरून वाहून खाली जातो. वरच्या माणसाला उरतं ते टाक्यांतलं आणि झऱ्यांचं. रायरेश्वरावर गोमुखाचं कुंड आहे, तिथून हंडे भरून आणायचे. उन्हाळ्यात त्या हंड्यातल्या पाण्याने दात घासता घासता कुणी नळ सोडल्यासारखी धार धरली, तर घरची बाई बोलत नाही, नुसती बघते. माणशी दोन-तीन लीटर पाणी खालूनच भरून न्या आणि वरचं पाणी हात आखडून वापरा. टाक्यात पाय घालून बसणारे, त्यात बाटल्या विसळणारे मी राजगडावर पाहिले आहेत. तेच पाणी पुढचा माणूस पितो.

थंडीचा हिशेब सोपा आहे. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. भोर सहाशे मीटरच्या आसपास, रायरेश्वर चौदाशेच्या घरात. म्हणजे भोरमध्ये स्वेटर लागतो त्या रात्री वर चार-पाच अंश कमी, आणि पठारावर अडवायला काही नसल्यामुळे वारा वेगळाच. चढताना घामाने भिजलेला कपडा वर पोचताक्षणी बदलला नाही तर रात्रभर दात वाजतात. एक कोरडा जोड, कानटोपी, जाड मोजे, आणि हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं, एवढं सॅकमध्ये असलंच पाहिजे. पावसाळ्यात तर दोन पिशव्या.

आणि बॅटरी. रात्री लघवीला उठलेला माणूस मोबाईलच्या उजेडात अनवाणी बाहेर पडतो, हे मी दर वेळी बघतो. सह्याद्रीत फुरसं, घोणस, मण्यार तिन्ही आहेत, आणि फुरसं दगडाच्या रंगाचं असतं. बूट झटकून घालायचे, उजेड पायाशी टाकायचा, जमिनीवर उघड्यावर झोपायचं नाही. चावलंच तर जखम कापणं, चोखणं, करकचून आवळणं यांतलं काहीही करू नका. चावलेला भाग हलवायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, उचलून खाली आणायचं आणि 108 ला फोन लावून भोरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. उचलायला माणसं लागतात, म्हणून गावात कुणाला तरी सांगून गेलेलं बरं. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. फोन बंद पडला की त्याच्यातला क्रमांकही गेला.

राजगडाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. पद्मावती माचीवरच्या देवळात रात्री काढलेली आमची पिढी अजून त्या आठवणी काढते, आणि नवी पोरं ते ऐकून सॅक भरतात. आता तसं नाही. गड राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे, जुलै 2025 मध्ये तो मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेला. वर मुक्काम आणि स्वयंपाक करण्यावर निर्बंध आलेत. मला विचाराल तर ते योग्यच आहेत. देवळामागे साठलेला कचरा आणि तटाच्या दगडांवर चुलीची काजळी मी डोळ्यांनी पाहिली आहे. आणि धुराचा आणखी एक धोका असतो. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, धूर लागला की ती उठतात, आणि सुवेळा माचीसारख्या अरुंद जागी पळायला वाट नसते. तेव्हा मुक्काम पायथ्याच्या गुंजवण्यात किंवा पालीत एखाद्या घरी करा, पहाटे गावातला माहीतगार सोबत घेऊन निघा, सूर्योदय वर बघा. चोर दरवाजाकडची शेवटची चढण अंधारात नवख्याने एकट्याने चढू नये.

तोरण्यावर मेंगाईच्या देवळात राहू नये, तिथे काही तरी वावरतं, अशी जुनी वदंता आहे. मला तिथे उंदरांखेरीज कुणी भेटलेलं नाही. त्यांनी मात्र सॅक कुरतडून चिक्की नेली. खाणं डब्यात ठेवा. आणि मुक्कामाला परवानगी आहे का हे इथेही आधी विचारून घ्या.

आता हिमालय. आमच्याकडच्या माणसाला वाटतं, तोरणा-राजगड एका दमात करतो, म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्प होईलच. पाय नेतातही. पण तोरणा 1,403 मीटरचा. विरळ हवेचा त्रास सुरू होतो साधारण अडीच हजारांच्या पुढे. म्हणजे सह्याद्रीत जन्मभर हिंडलेल्या माणसाच्या शरीरालाही त्या हवेची ओळख नसते, आणि तंदुरुस्तीचा इथे उपयोग होत नाही. उलट दमदार माणूस भरभर चढतो आणि आधी सापडतो. त्या उंचीवर दिवसा किती वर गेलात त्याहून रात्री किती उंचीवर झोपलात ते महत्त्वाचं. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबावं. बेस कॅम्पच्या वाटेवरचं नामचे बाजार 3,440 मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढतात ते बाजार बघायला नाही.

वेल्ह्याकडचा माझा एक मित्र, गडाच्या वाटेवर आमच्यापुढे धावणारा, त्याच वाटेवर पुढे लोबुचेच्या लॉजमध्ये संध्याकाळी गप्प झाला. उंची 4,940 मीटर. मधल्या दालनात याकच्या शेणाची शेगडी पेटलेली, सगळे तिच्याभोवती. त्याच्यापुढचा डाळ-भात तसाच. विचारलं तर म्हणे, "काही नाही रे, डोकं जरा जड आहे. झोपलो की बरं वाटेल." त्याच्या ताटाकडे पहिलं लक्ष गेलं ते लॉजवाल्या दिदीचं. तिने त्याला उठायला लावलं आणि फरशीच्या रेघेवरून पावलापुढे पाऊल टाकत चालून दाखव म्हणाली. चौथ्या पावलाला तो भिंतीला टेकला. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण. सकाळची वाट न पाहता, दोघांनी दोन बाजूंनी धरून, वाटाड्याबरोबर आम्ही त्याला थुक्लामार्गे फेरिचेला उतरवलं. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, मोसमात डॉक्टर असतात. पाचेकशे मीटर खाली आल्यावरच त्याचं बोलणं सुधारलं होतं, प्राणवायू लावल्यावर दुसऱ्या दिवशी भात मागून खाल्ला. पुढे मात्र त्याला जाऊ दिलं नाही, तो रागावला, चालायचंच.

तेव्हा डोकेदुखी लपवू नका. डोकं दुखतंय, जेवण नको वाटतंय, मळमळतंय, तर बरं वाटेपर्यंत वर चढायचं नाही. तोल जायला लागला, बरळायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येऊ लागला, तर रात्र असो की बर्फ, खाली. दारू नाही, झोपेची गोळी नाही. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते मुद्दाम सांगून. आणि लॉजच्या बंद खोलीत ऊब यावी म्हणून गॅस किंवा कोळसा पेटवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस उठत नाही.

बेस कॅम्पला जाणारे थोडे. आमच्या तालुक्यातली जास्त माणसं हिमालयात पहिल्यांदा झोपतात ती केदारनाथला, चारधामच्या बसने जाऊन. गौरीकुंड दोन हजारांच्या आसपास, केदारनाथ 3,583. एका दिवसात दीड हजार मीटर, तेही साठीच्या आई-वडिलांना घेऊन. हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत. आदली रात्र सोनप्रयाग किंवा गौरीकुंडला नीट झोपून काढा, वर दमाने जा, पाणी पीत राहा. दर्शन झालं आणि कुणाचं डोकं धरलं, उलटी झाली, तर खोलीचे पैसे गेले म्हणून थांबू नका, त्याच दिवशी उतरा.

लॉजच्या रीतीही आपल्याला नव्या नाहीत. नेपाळात खोली स्वस्त आणि जेवण महाग, आणि झोपता तिथेच जेवायचं असतं, कारण लॉजवाल्याचा संसार ताटावर चालतो. वर जावं तसा भाव चढतो, गरम पाण्याची बादली आणि मोबाईल चार्ज करणं यांचे वेगळे पैसे. डाळ-भात मागावा. तो रोज ताजा होतो आणि पुन्हा वाढतात. रायरेश्वरावर जो "एवढे?" म्हणाला, तोच तिथेही म्हणतो.

या मोसमात रायरेश्वरावर मुक्कामाला जाणार असाल तर दोन दिवस आधी फोन करा. माणसं किती, जेवणारे किती, उपासाचं कुणी आहे का ते नीट सांगा, आणि आकडा बदलला तर पुन्हा कळवा. दिवस मावळायच्या आत शिडी चढा. आपला कचरा आपल्याच सॅकमध्ये खाली आणा. आणि रोख पैसे जवळ ठेवा. वर रेंज गेली की यूपीआय चालत नाही, आणि राहिलेली उधारी मागायला ती माणसं पुण्यापर्यंत येणार नाहीत.