झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. मुठीत काय आहे हे कळत नाही, तोवर तिचे मोल मोठे असते. परंतु ज्याची मूठ असते, त्याला एकट्याला ती झाकून ठेवता येते काय? रोजचा व्यवहार नीट पाहिला, तर असे दिसते की, प्रत्येकाची मूठ झाकलेली राहण्यास भोवतालच्या माणसांचाही हात लागलेला असतो.

घरात पाने वाढली आहेत आणि दूरच्या गावाहून कोणी परिचित अवचित दारात येतो. ‘आत्ताच जेवून निघालो,’ असे तो म्हणतो. त्याचा सुकलेला चेहरा पाहून गृहिणी काय ते ओळखते. पण ‘खोटे कशाला बोलता?’ असे ती विचारीत नाही. ‘आमच्याबरोबर चार घास घ्या,’ असे म्हणून ती आणखी एक पान मांडते. भुकेल्याला अन्न मिळते आणि आपण मागून जेवलो, ही टोचणी त्याला लागत नाही.

शेजारीण वाटीभर साखर नेते, ती ‘उसनी’ म्हणून. उसने म्हणजे परत करावयाचे. या एका शब्दामुळे तिचे मागणे याचना ठरत नाही. शेजाऱ्याकडून पदार्थ आला, तर ते भांडेही रिकामे परत करू नये, अशी अनेक घरांची रीत आहे. चिमूटभर साखर का होईना, त्यात घालतात. देणारा आणि घेणारा अशा रीतीने एकाच पायरीवर राहतात.

ही जपणूक एकाच समाजापुरती नाही. कॅनडात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन (१९२२–१९८२) यांनी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर राहून तेथील लोकव्यवहार न्याहाळला. चहासाठी शेजारी येत असे, तेव्हा दाराशी पोचण्यापूर्वी तो आपला मूळचा भाव टाकून चेहरा हसरा करी. घरातील मंडळी हे आतून पाहत. ते ठाऊक असल्यामुळे काही जण तर दुरूनच हसरे होऊन येत! प्रत्येक माणूस चारचौघांत आपला एक ‘चेहरा’ जपतो, असा विचार गॉफमन यांनी १९५५ साली एका निबंधात मांडला. माणूस स्वतःचा चेहरा सांभाळतो, तसाच समोरच्याचाही सांभाळतो. कोणाची चूक दिसली, तरी ती दिसलीच नाही असे दाखवितो. चिनी भाषेतही प्रतिष्ठेसाठी चेहरा या अर्थाचाच शब्द आहे आणि आपल्याकडे मान गेलेल्या माणसास ‘तोंड दाखवायला जागा उरत नाही’!

असे असूनही हा मान सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. साठी उलटलेल्या हमालाला ‘अरे’ आणि त्याच्या नातवाच्या वयाच्या अधिकाऱ्याला ‘अहो’, असे बोल रस्तोरस्ती ऐकू येतात. सहलीची वर्गणी न आणलेल्या मुलांना एखाद्या वर्गात उभे केले जाते. पैसे दुसऱ्या दिवशी मिळतीलही; परंतु साऱ्या वर्गासमोर खाली गेलेली मान लवकर वर येत नाही. तोच प्रश्न त्या मुलाला एकीकडे बोलावून हळूच विचारता येतो. त्याला खर्च लागत नाही. लागते ते फक्त मन.

दुसऱ्याचा मान राखणे म्हणजे खोटी स्तुती नव्हे किंवा अन्यायावर पांघरूण घालणेही नव्हे. चोरी ती चोरीच आणि तिचा जाब विचारलाच पाहिजे. परंतु दारिद्र्य, अज्ञान, बोलण्यातील अडखळ हे अपराध नव्हेत. त्यांवर हसणारा क्षणभर मोठा दिसतो. पण त्याच्यासमोर आपली मूठ सैल करण्यास पुन्हा कोणी धजत नाही. ज्याच्याजवळ दुसऱ्याची लाज सुरक्षित असते, त्याच्यापाशीच माणसे विश्वासाने आपले मन उघडतात.

स्वाध्याय

१. गृहिणीने पाहुण्याचा मान कसा राखला?
२. ‘उसने’ या शब्दामुळे मागणारीचा मान कसा राहतो?
३. वर्गणीविषयी विचारण्याच्या दोन रीतींत कोणता फरक आहे?
४. वाक्यांत उपयोग करा : मान खाली जाणे, पांघरूण घालणे, तोंड दाखवायला जागा न उरणे.
५. तुमच्या पाहण्यात कोणी दुसऱ्याची लाज राखली असेल, तर तो प्रसंग त्या माणसाचे नाव न सांगता लिहा.