वर्ग दुसऱ्याचा, तास आपला

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम, पिरंगुटपर्यंत सोसायट्यांची रांग लागते. सोसायट्यांमागोमाग शाळा आल्या आणि शाळांमागोमाग माझ्यासारख्या बदलीवर शिकवणाऱ्यांना काम आलं. मातृत्व रजा २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. ही रजा बाईंच्या हक्काची आहे आणि ती पूर्ण मिळायलाच हवी. पण तेवढ्या काळात वर्गाचं जवळजवळ एक सत्र निघून जातं. जिल्हा परिषदेच्या शाळांमधली अडचण आणखी वेगळी. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हटलं असलं, तरी निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण ही तीन कामं त्यातून वगळलेली आहेत. भरतीही रखडते. म्हणून २०२३ मध्ये शासनाला निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर परत बोलवावं लागलं.

डी.एड., बी.एड. झालेल्या मुली आता मला विचारतात, 'मॅडम, दोन महिन्यांचं काम मिळालंय, घेऊ का?' मी म्हणते, जरूर घे. पण वर्गात पाऊल टाकण्याआधी काही गोष्टी विचारून घे. हे मी का सांगते, ते ऐका.

या भागातल्या एका शाळेत मी पाचवीवर होते. मधल्या सुट्टीनंतर एक मुलगी बाकावरून खाली कोसळली, हातपाय आखडले, डोळे फिरले. मला कुणीही काही सांगितलेलं नव्हतं. शेजारची मुलगी घाबरली नाही. ती म्हणाली, 'हिला फिट येते. आमच्या टीचर हिला कुशीवर वळवतात आणि घड्याळ बघतात.' तेवढ्यात कुणीतरी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. ते सगळं बाजूला ठेवायला लावलं, बाक सरकवले, डोक्याखाली ओढणीची घडी ठेवली, तिला कुशीवर केलं. मुलगी थोड्याच वेळात शुद्धीवर आली. मग आईला फोन करायचा तर नंबर रजेवरच्या बाईंच्या मोबाईलमध्ये! ऑफिसात शोधाशोध झाली. जी माहिती शाळेने मला पहिल्या दिवशी द्यायची, ती दहा वर्षांच्या पोरीकडून मला मिळाली. त्या दिवशी ती पोर गैरहजर असती तर?

तेव्हापासून मी शाळेत जाते ती वही घेऊन, आणि पहिल्या पानावर मुख्याध्यापकांकडूनच उत्तरं लिहून घेते. कोणाला फिट, दमा, साखर, कसली अ‍ॅलर्जी आहे? औषध कुठे आणि कोण देणार? पालकांचे नंबर कुठल्या कपाटात, किल्ली कोणाकडे? शाळा सुटल्यावर कोणाला कोण न्यायला येतं, आणि कोणाच्या स्वाधीन मुलाला करायचं नाही? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण आईवडील वेगळे राहत असतील तर तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. 'मी हिचा मामा' म्हणत कुणी आलं आणि मुलीनेही मान डोलावली, तरी ऑफिसातून खात्री झाल्याशिवाय हात सोडायचा नाही. मामा रागावले तर रागावू द्या.

आणि फिटबद्दल एकदा स्पष्ट लिहिते, कारण शाळाशाळांतून अजून कांदा निघतो. तोंडात काही घालू नका, चमचाही नाही, पाणीही नाही. हातपाय दाबून धरू नका. टोकदार वस्तू दूर करा, कुशीवर वळवा, वेळ मोजा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन. बाकीच्या मुलांना शेजारच्या वर्गात पाठवा. साठ डोळे आपल्याकडे बघताहेत या जाणिवेने ती मुलगी शुद्धीवर येऊ नये.

आता शिकवण्याबद्दल. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी आपली छाप पाडावीशी वाटते, म्हणून नवा धडा उघडला जातो. तसं करू नका. आधी टाचण बघा, दोन-चार वह्या चाळा, शेजारच्या वर्गावरच्या बाईंना विचारा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि राज्यभर वाद झाला. काही बाई नवी पद्धत घेत होत्या, काही जुनी, काही दोन्ही. मूळ बाईंनी जी पद्धत मुलांच्या हाती दिली, तीच महिनाभर चालू द्यायची, आपल्याला दुसरी सोपी वाटत असली तरी. भागाकाराच्या मांडणीचं, समासाचं, शुद्धलेखनाच्या खुणांचंही तेच.

हजेरी हा पहिल्या दिवसाचा कसोटीचा क्षण. अनोळखी बाई दिसल्या की पोरं नावांची अदलाबदल करतात, एकमेकांच्या नावावर 'हजर' ओरडतात. मी हजेरी घेण्याआधी प्रत्येकाला अर्धा कागद देते, उभी घडी घालून बाकावर नाव लिहून ठेवायला लावते, आणि घरी काय म्हणतात तेही कोपऱ्यात. पाच मिनिटं जातात, पण नंतर 'ए, निळ्या स्वेटरवाल्या' असं हाकारावं लागत नाही. मुलं वर्गात येताना फळ्यावर काम लिहिलेलं असलं तर गोंधळाला जागाच उरत नाही. मी परिपाठाआधीच ते लिहून ठेवते.

आवाज वाढवून वर्ग शांत झालेला मी पाहिलेला नाही. बाकांमधून फिरत राहायचं, गडबड करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून वाचन चालू ठेवायचं. हात उगारणं, कोंबडा करणं, अपमान करणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केलं आहे, आणि ते बदली शिक्षकालाही तितकंच लागू आहे. 'तुमच्या बाई आल्या की सांगीन' ही धमकीही नको. त्यामुळे मुलं परतणाऱ्या बाईंना घाबरायला शिकतात.

टाचण सापडलंच नाही तर? त्या दिवसासाठी माझ्या पिशवीत एक तास कायम तयार असतो. भूगावच्या मुलांना मी रामनदी काढायला सांगते. खाटपेवाडीच्या बाजूने निघते, मानस तलाव, पुढे बावधन, पाषाण, बाणेर करत मुळेला मिळते. सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या पोरांना ती घराजवळून वाहते हेच ठाऊक नसतं. गावातल्या पोरांना प्रत्येक ओढा माहीत असतो. बांधकामावरच्या कुटुंबातली मुलं आपल्या गावची नदी सांगतात, कुणी कन्नडमध्ये, कुणी हिंदीत. भूगोल होतो, भाषा होते, आणि एरवी गप्प बसणारा मुलगा फळ्यापाशी येतो.

वागण्याबोलण्याचे काही नियम मी कधीच सैल करत नाही. मुलं म्हणतील, 'आमच्या टीचर असं शिकवतच नाहीत, तुम्हीच छान.' त्यावर हसून पुढचं वाक्य वाचायचं. आपण नसताना आपल्याबद्दलही कुणी चांगलंच बोलावं असं वाटतं ना? मुलांचे फोटो आपल्या मोबाईलमध्ये नकोत, स्टेटसला तर अजिबात नकोत. पालकांच्या ग्रुपमध्ये शिरू नका, शिकवणीची ओळख काढू नका. बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ पासून, शासनाने शाळांना कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सीसीटीव्ही आणि तक्रारपेटी याबाबत सक्त सूचना दिल्या आहेत. आपली पडताळणी मागितली तर अपमान मानू नका. मागितली नाही तर आपणहून कागद द्या. एखाद्या मुलाने काही त्रासदायक सांगितलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. पॉक्सो कायद्याखाली ते कळवणं आपलं कर्तव्य आहे, तिथे आपण किती दिवसांचे पाहुणे हा प्रश्नच येत नाही. १०९८ हा नंबर पाठ असू द्या.

पैशाचंही बोलायला हवं. एका शाळेने मला तोंडी शब्दावर बोलावलं आणि मानधन सत्र संपून गेल्यावर, तेही विनवण्या केल्यावर दिलं. तासिकेचा दर, तारखा, सुट्टीचे दिवस धरणार की नाही हे पत्रावर घेतल्याशिवाय मस्टरवर सही करू नका. शाळेवर अविश्वास दाखवणं नव्हे हे. आपल्या कामाला काम म्हणून नोंद मिळायला हवी, पुढे अनुभवाचा दाखला मागताना हेच पत्र लागतं.

वह्या तपासताना मी लाल शाई वापरत नाही, पेन्सिलने खूण आणि खाली तारीख. मूळ बाईंना परतल्यावर कुठपर्यंत त्यांचं आणि कुठून माझं हे बघताक्षणी कळतं. शेवटच्या दिवशी त्याच वहीत लिहून ठेवते: कुठला धडा कुठल्या पानापर्यंत झाला, कोणाला हातच्याची वजाबाकी अजून अडते, कोण आठवडाभर आलं नाही आणि घरून काय कारण सांगितलं. जमलं तर बाई रुजू होतात त्या दिवशी एक तास मागच्या बाकावर बसते, नंतर वही त्यांच्या हातात देते आणि फिटचं पान उघडून दाखवते.