घड्याळ कुणाचं?



हिंजवडीत वेब डेव्हलपर म्हणून नोकरी लागल्याचं ताईकडून कळलं, फार आनंद झाला. क्लायंट कॅलिफोर्नियातला आहे म्हणे. तुझा मामा बरीच वर्षं याच कामात आहे, तेव्हा रुजू होण्याआधी त्याचं थोडं ऐक.

कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात. तिकडे मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे सरकतं, नोव्हेंबरमध्ये मागे येतं; त्याबरोबर इकडच्या घरांतली निजानीज हलते. १९०६ साली देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. त्याच मुलखातला आजचा डेव्हलपर साडेबारा-साडेतेरा तासांचं अंतर पहिल्याच दिवशी अंगावर घेतो आणि कुणी त्याबद्दल साधी चौकशीही करत नाही. तुझी आजी दहाच्या आत झोपते. तिचा फोन यायची वेळ नेमकी क्लायंटच्या सकाळच्या मीटिंगची असणार, हे आत्ताच लक्षात घे.

मीटिंगपेक्षाही जास्त वेळ खाते ती मागे पडण्याची धास्ती. नवा फ्रेमवर्क आला की रात्र जागून तो शिकणारी गुणी मुलं तुझ्या मामाने पुष्कळ पाहिली आहेत. फ्लॅशवर कित्येकांनी करिअर उभं केलं. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा सपोर्ट संपवला. अँग्युलरजेएस २०१० मध्ये आलं, २०२१ अखेर गूगलने त्याचं काम थांबवलं. उलट टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये तयार केलेलं वेबवरचं पहिलं संकेतस्थळ घे. १९९१ सालचं ते काम, पण सर्नने जपलेली त्याची प्रत आजच्या ब्राउझरमध्येही नीट वाचता येते, कारण ती साध्या एचटीएमएलमध्ये आहे आणि जुनी पानं मोडू नयेत याची काळजी ब्राउझर बनवणारे घेत आले आहेत. म्हणून एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि एचटीटीपी पक्कं कर. फ्रेमवर्क कामाच्या ओघात आणि कामाच्या वेळेत शिकता येतो.

काही रात्री मात्र जागाव्या लागतीलच. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज एनपीएमवरून काढून टाकलं आणि ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं अशांचे बिल्ड जगभर फेल झाले. अशा वेळी घरी आहे म्हणून सांगून सुटका नसते. पण ऑन-कॉलची पाळी सगळ्या टीममध्ये फिरली पाहिजे. नव्या आणि होतकरू पोरीच्या गळ्यात ती कायमची पडता कामा नये. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर काही चढवायचं नाही, हा जुना दंडकही पाळ.

तुझ्या मामीने घरात नियम घातला आहे: जेवताना लॅपटॉप मिटलेला, फोन दुसऱ्या खोलीत. ऑन-कॉलच्या आठवड्यापुरती सूट. माझा क्लायंट एकदाही त्यावरून रागावलेला नाही.

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे हे ज्याचं त्याने बोलूनच ठरवावं लागतं.

तेव्हा मॅनेजरला पहिल्याच आठवड्यात विचार: रोजच्या मीटिंगपैकी निम्म्या सकाळी आठला घेता येतील का? तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या संध्याकाळचे साडेसात किंवा साडेसहा वाजलेले असतात. थोडं त्यांनी सोसावं, थोडं आपण. उत्तर काहीही येवो, ते मेलवर लेखी घे आणि मला कळव.

तुझा मामा