किडनी सांभाळणारं इंजेक्शन मागून घ्यावं का?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, जुना मधुमेह. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी डॉक्टरांनी अमिकासिनची इंजेक्शनं सांगितली आहेत. 'किडनीवर लक्ष ठेवू' म्हणाले. किडनीला त्रास न देणारं जोड-अँटिबायोटिक मिळतं म्हणे. तेच मागावं का? – एक वाचक, दौंड तालुका

उत्तर : औषधाचं नाव तुम्ही सुचवू नका; वडिलांची माहिती मात्र पूर्ण द्या.

तुम्ही ऐकलं ते अगदीच खोटं नाही. इमिपेनेम हे अँटिबायोटिक किडनीतल्या एका एन्झाइममुळे मोडून पडायचं आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत किडनीच्या नलिकांना इजाही करायचं. सिलास्टॅटिन स्वतः जंतू मारत नाही, पण हे दोन्ही थांबवतं. म्हणून १९८०च्या दशकापासून ही दोन्ही औषधं एकत्रच देतात.

सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम या जोडीचा फायदा वेगळा. तिच्यामुळे काही चिवट जंतूंसाठी कोलिस्टिन टाळता येतं. कोलिस्टिन किडनीला इतकं जड, की १९७०च्या दशकात ते मागे पडलं. बाकीची औषधं लागू पडेनात, तेव्हा पुन्हा काढावं लागलं. ते माणसांसाठी राखावं म्हणून २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांसाठी त्यावर बंदी आली. 

पण जोडी म्हणजे सुरक्षित, असं नाही. व्हॅन्कोमायसिनसोबत पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम दिलं, तर क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढण्याचं प्रमाण उलट जास्त दिसतं. शिवाय ही भारी औषधं साध्या संसर्गाला वापरली, तर पुढे गरजेला उपयोगी पडत नाहीत.

वडिलांसाठी एवढं करा :

• पहिल्या डोसआधी लघवीचं कल्चर आणि रक्तातलं क्रिएटिनिन करून घ्या. ५० किलो वजनाच्या ६८ वर्षांच्या माणसाचं क्रिएटिनिन १.० आलं, तरी किडनीची गाळणी मिनिटाला ५० मिलीलिटरच्या आसपासच निघते. म्हणून वय-वजन सांगाच.

• उपचार चालू असताना क्रिएटिनिन पुन्हा कधी करायचं, ते विचारून ठेवा.

• अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकची सुई किंवा मेडिकलमधून पेनकिलर परस्पर घेऊ नका.

• उलट्या-जुलाब झाले, उन्हात शेतात राबून अंगातलं पाणी कमी झालं, तर डोसआधी सांगा.

• लघवी कमी झाली, पायावर सूज आली, कानात आवाज येऊ लागला किंवा ऐकू कमी येऊ लागलं, तर पुढचं इंजेक्शन घेण्यापूर्वी डॉक्टरांना गाठा.

बरं वाटलं म्हणून कोर्स मध्येच सोडू नका, आणि उरलेली औषधं शेजाऱ्याला देऊ नका.